केळुसकरांचा रांजण

दुबई-शारजात मराठी माणसं पहिल्यांदा भेटली की गाव कुठलं, राहता कुठे आणि काम काय करता हे विचारूनच घेतात. पहिल्या दोन प्रश्नांची माझी उत्तरं कोणाला खटकत नाहीत. गाव सातारा, राहायला अल कुसैस. तिसऱ्या प्रश्नाला मी कित्येक वर्षं एकच उत्तर देत आले आहे: "मी फुटकी मडकी जोडते." समोरची बाई आधी हसते. मग मी गंमत करत नाही हे लक्षात आलं की सहानुभूतीने विचारते, "मग गोंद कुठला वापरता?" आमच्या यजमानांना हे उत्तर आवडत नाही. ते घाईघाईने मध्ये पडून सांगतात की ही म्युझियममध्ये कन्झर्वेटर आहे. त्याने बिचारीच्या ज्ञानात काहीच भर पडत नाही. मडकी जोडते म्हटलं की निदान चित्र तरी डोळ्यांपुढे येतं.

आता निवृत्ती जवळ आली आहे, तेव्हा गोंदाचं उत्तर एकदा नीट देऊन टाकते. उत्खननातून भांडं येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात आणि त्यात खापऱ्या असतात. एका पिशवीत एकाच भांड्याच्या असतील याचा भरवसा नाही, आणि असल्या तरी सगळ्या असतील असं तर मुळीच नाही. त्या धुवायच्या, वाळवायच्या, टेबलावर पसरायच्या आणि बघत बसायचं. जाडी बघायची, कड बघायची, आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटांनी उमटलेल्या रेघा कुठल्या दिशेने जातात ते बघायचं. शेजारी वाळूने भरलेला ट्रे असतो, त्यात जोडलेले तुकडे उभे खोचून ठेवायचे. वाळूच्या देशात आम्हाला वाळू विकत आणावी लागते, कारण बाहेरच्या वाळूत मीठ असतं. हे सांगितलं की लोक फार खूश होतात.

या कामात घाई करणाऱ्याला शिक्षा उशिरा मिळते. बुडाजवळ एखादा जोड केसभर वाकडा बसला तर त्या दिवशी काहीच कळत नाही. वर चढत गेलं की तो वाकडेपणा वाढत जातो आणि शेवटची खापरी हातात उरते. ती तिचीच जागा असते, पण ती तिथे बसत नाही. मग सगळं पुन्हा सोडवायचं. म्हणून आमचा गोंद सुटणारा असतो. नखांचं पॉलिश ज्याने काढतात त्याच द्रवात तो विरघळतो. माझ्यानंतर कोणी माझ्याहून हुशार येईल, तिला माझं काम उसवता आलं पाहिजे, अशी त्यामागची भूमिका आहे. माझ्याहून हुशार कोणी येईल यावर माझा फारसा विश्वास नाही, पण गोंद मी नियमाप्रमाणेच वापरते.

दुसरा नियम जरा चमत्कारिक वाटेल. जिथे खापरी मिळालीच नाही तिथे आम्ही प्लॅस्टर भरतो आणि त्याला मूळ मातीपेक्षा जरा फिका रंग देतो. लांबून भांडं पूर्ण दिसावं, पण जवळ जाऊन पाहणाऱ्याला आमची भर ओळखू यावी. किती पाहुण्यांनी मला मोठ्या मनाने सांगितलं असेल की मॅडम, शेड जरा चुकली. मी त्यांचे आभार मानते.

या देशात सिंधूकाठची मडकी कशी आली, हा पुढचा प्रश्न असतो. आली ती गलबतांनी, चार हजार वर्षांहून आधी. इकडच्या डोंगरांत तांबं होतं, तिकडे ते हवं होतं. तिकडून येणाऱ्या मालात मोठाले काळे रांजण असत. बाहेरून काळ्या मातीचा दाट लेप, बूड निमुळतं, तोंड झाकण बसेल असं. आत काय येत होतं यावर विद्वानांचं एकमत नाही. कोणी तेल म्हणतं, कोणी तूप. मला तूप पटतं, पण मी दूधदुभत्याच्या सातारची असल्यामुळे माझं मत कोणी फार मनावर घेऊ नये. त्या रांजणांच्या खांद्यावर भाजून झाल्यानंतर टोकदार काहीतरी घेऊन ओरखडलेल्या खुणा असतात. त्या काय सांगतात ते कोणाला वाचता येत नाही. पण लग्नातल्या स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून घेणाऱ्या बायकांत मी वाढले. भांडं घरातून बाहेर जाणार असलं की त्यावर खूण करावीशी वाटते, एवढं मला न वाचताही समजतं.

खुणांपेक्षा लोकांना नक्षी जास्त आवडते. लाल भांड्यावर काळ्या रंगात पिंपळाची पानं, मोर, माशाचे खवले, एकमेकांत गुंतलेली वर्तुळं. आणि लगेच प्रश्न येतो, याचा अर्थ काय? माझ्या धंद्यात 'माहीत नाही' हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा म्हणावं लागतं, आणि ते कोणालाही आवडत नाही. पुण्याचे एक निवृत्त इंजिनीअर दर भेटीत मला त्या ओरखड्यांमध्ये 'श्री' दाखवायचे. एका मोठ्या पाहुण्याने पिंपळपान हे हृदय आहे असं ठरवलं आणि त्यावर प्रेमाविषयी छोटं भाषण केलं. माझ्या मुलीने तर शाळेत असतानाच निकाल लावला होता, "आई, इट्स जस्ट अ पॉट."

मला अर्थ सांगता येत नाही, पण हात ओळखता येतो. सिंधूकाठचा चित्रकार भराभर काढायचा. भांडं हळूहळू फिरत असायचं आणि कुंचला टेकवलेला असायचा. पहिलं पान ऐटीत, दुसरं तसंच, आणि फेरी पूर्ण होताना जागा कमी पडली की शेवटचं पान अंग चोरून बसलेलं. ते चोरटं पान सापडलं की मला त्या माणसाची ओळख झाल्यासारखं वाटतं. त्या गावात मात्र मी कधी पाय ठेवू शकले नाही. मोहेंजोदडो ज्या देशात आहे तिथे माझ्या पासपोर्टवर सहज जाता येत नाही. आयुष्य त्यांची भांडी हाताळण्यात गेलं आणि त्यांचं घर पाहायचं राहिलं, याचं मला वाईट वाटतं.

आता केळुसकरकाकांची गोष्ट सांगते. लोक विचारतात, तुमच्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम कोणतं? त्यांना एखादं शेकडो तुकड्यांचं भांडं अपेक्षित असतं. माझं सगळ्यात अवघड काम ज्या भांड्यावर झालं, त्याला मी गोंदाचा थेंबही लावला नाही.

केळुसकरकाका मूळचे वेंगुर्ल्याचे. तरुणपणी बोटीने दुबईला आले, गोदामात कारकुनी केली आणि पुढे अल कुसैसमध्ये एसीच्या डक्टचा स्वतःचा कारखाना काढला. मंडळाच्या गणपतीत पहिल्या रांगेत बसत आणि आरतीचा सूर चढला की पेटीवाल्याला डोळ्यांनी दटावत, इतकीच माझी त्यांची ओळख होती. त्यांच्या पत्नी सुमनकाकू वर्षभरापूर्वी गेल्या. त्यानंतर एकदा काका आमच्या प्रयोगशाळेत आले, मागे ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरच्या कवेत चादरीत गुंडाळलेला एक रांजण.

चादर सोडली तेव्हा मीही हातातलं काम खाली ठेवलं. गुडघ्याएवढा उंच, लाल अंगाचा, वर काळी पिंपळपानं, मधल्या पट्ट्यात मोर. सगळ्या अंगावर जोडांच्या तपकिरी रेघा, फुटलेला रांजण कोणीतरी जुन्या काळी जोडावा तशा. काकांनी तो चाळीसेक वर्षांपूर्वी शारजात रोल्ला भागातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतला होता. दुकानदाराने सिंधूकाठचा म्हणून दिला, यांनी तसाच जपला. आता कारखाना मुलाच्या ताब्यात देऊन ते पुढच्या वर्षी कायमचे वेंगुर्ल्याला परतणार होते आणि रांजण संग्रहालयाला द्यायचा होता. अट एकच, खाली पाटीवर काकूंचं नाव हवं. सुमन केळुसकर यांच्या स्मरणार्थ.

मी म्हटलं, काका, नावाचं काय ते वरचे लोक ठरवतात. तेव्हा ते जे बोलले ते माझ्या मनातून गेलं नाही.

"ताई, ती इथे आयुष्यभर राहिली. पण व्हिसा माझ्या स्पॉन्सरशिपवर, घराचं ॲग्रीमेंट माझ्या नावावर, लाइट-पाण्याचं बिलसुद्धा माझ्या नावावर. ह्या मुलखात तिचं नाव कुठेच नाही. मी गेलो की खलास. एका पाटीवर राहू दे."

आमच्या विभागाची प्रमुख मोझा ही इथलीच तरुण मुलगी, हुशार आणि कामाला वाघ. लहानपणी घरात काम करणाऱ्या बायकांकडून ती हिंदी शिकली आणि माझ्याकडून 'ताई' हा शब्द. नवं दालन उघडायला थोडेच दिवस उरले होते. समुद्रापलीकडच्या व्यापाराच्या विभागात आमच्याकडे काळ्या रांजणांचे तुकडे भरपूर होते, पण नक्षीचं, लोकांना थांबवील असं एकही पूर्ण भांडं नव्हतं. मोझा रांजणाभोवती फिरली, दालनात जाऊन दिव्यासाठी वर छताकडे बघून आली आणि काकांना स्वतः काहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतून दिला. अशा वस्तू घेण्याचे कायदे कडक असतात, कुठून आली याची चौकशी होते. ते काम दुसऱ्यांचं होतं. माझ्याकडे प्रश्न एवढाच होता, खरा की नाही. माझी सही झाली की पुढची चाकं फिरणार होती. काका जाताना मोझाला म्हणाले, "इन्शाल्ला," आणि मला मराठीत म्हणाले, "तुम्ही आहात म्हणजे काम होणारच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रांजण पुढ्यात घेतला. आधी पानं मोजूनमापून पाहिली. सगळी सारखी. कुठेच घाई नाही, कुठेच जागा कमी पडलेली नाही, शेवटचं पान पहिल्याइतकंच ऐसपैस. मनात पाल चुकचुकली, पण नीटनेटका चित्रकार त्या काळीही असू शकतो. त्यावरून कोणाला खोटं ठरवता येत नाही. मग रांजण जरा फिरवायला गेले आणि माझा हात आपोआप वर आला. मी त्याला टिचकी मारली.

संग्रहालयात भांड्याला टिचकी मारणं हे पाहुण्यांच्या पानात हात घालण्यासारखं आहे. नोकरीच्या पहिल्या महिन्यात यासाठी मी साहेबाची बोलणी खाल्ली होती. पण बाजारात माठ घेताना तो वाजवून न घेणारी बाई मला दाखवा. बोटाचं पेर पोटावर मारायचं. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कितीही सुरेख असो, खाली ठेवायचा. बद्द म्हणजे आत कुठेतरी भेग आहे. केसाएवढी भेगसुद्धा आवाज मारून टाकते.

रांजण खणखणीत वाजला.

मी पुन्हा वाजवला, दुसऱ्या बाजूने वाजवला, रेघांच्या अगदी शेजारी वाजवला. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ. जोडलेलं भांडं असं कधीच वाजत नाही. माझ्या हातून जोडली गेलेली सगळी भांडी बद्द वाजतात आणि ती जगातल्या कोणीही जोडली तरी तशीच वाजतील, कारण आवाज गोंदाला अडकतो. या रांजणाच्या अंगावर भेगांचं जाळं होतं आणि आत एकही भेग नव्हती. म्हणजे तो कधी फुटलाच नव्हता. भेगा कोणीतरी वरून काढल्या होत्या, जुना दिसावा म्हणून. ज्याने काढल्या त्याने रंग जमवला, रेघांची वळणं जमवली, आवाजाचा विचार त्याच्या डोक्यात आला नाही.

मला शंका उरली नव्हती. तरी टिचकीच्या जोरावर सही करता येत नाही, म्हणून एक्स-रे काढला. त्यात नितळ, एकसंध भिंत दिसली. चाकावर एका दमात ओढलेली. सिंधूकाठचे मोठे रांजण भागाभागांनी घडवून जोडलेले असतात, हा तसाही नव्हता. मोझाने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, पक्कं ना? मी म्हटलं, पक्कं. तिने दालनाच्या आराखड्यातून रांजणाची काचेची पेटी खोडली आणि म्हणाली की नकाराचं पत्र ती इंग्रजीत सौम्य शब्दांत पाठवून देईल. मी नको म्हटलं. हे त्यांना मराठीत, तोंडाने सांगायला हवं होतं आणि ते माझं काम होतं.

काका आले ते शर्टाला इस्त्री करून. पाटीवरचं नाव इंग्रजीत आणि अरबीत कसं लिहायचं ते कागदावर लिहून आणलं होतं. मी तो कागद पाहिला. पण घोळवत बसले असते तर त्यांची आशा उगाच वाढली असती. मी सरळ सांगितलं की काका, रांजण जुना नाही. फार तर तुम्ही विकत घेतलात त्याच्या वर्ष-दोन वर्षं आधीचा.

 काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग धंदेवाल्या माणसाच्या आवाजात म्हणाले की पुरावा दाखवा. एक्स-रे दाखवला, त्यांना त्यातलं काही समजलं नाही. शेवटी मी म्हटलं की पहिल्यांदा मला कळलं ते आवाजावरून. त्यांच्यासमोर रांजणाला टिचकी मारली. खोलीभर आवाज घुमला.

काकांचा चेहरा एकदम बदलला.

"पुन्हा वाजवा," ते म्हणाले. मी वाजवला.

"हिनेसुद्धा असंच केलं होतं. दुकानात. तो दुकानदार ओरडला, मॅडम, हाथ मत लगाव, पाँच हजार साल पुराना है. ही त्याला म्हणते, असंल. आणि माझ्याकडे वळून म्हणते, घ्या हो, खणखणीत आहे, पाणी गार होईल."

मग ते खुर्चीत मागे टेकून बसले आणि सांगत राहिले. रांजण घरी आल्यावर काकूंना त्यात पाणी भरायचं होतं. वेंगुर्ल्याची बाई, फ्रिजच्या पाण्याने तिची तहान भागत नसे. काकांनी हातही लावू दिला नाही. अगं, पाच हजार वर्षांचा आहे तो, विरघळेल. पुढे दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवला, दिवा लावला. ओलं फडकंसुद्धा फिरवू देत नसत. काकू दर उन्हाळ्यात एकदा विचारायच्या, काका दर उन्हाळ्यात नाही म्हणायचे. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडून दिलं.

"म्हणजे तिला ठाऊक होतं, हा खोटा आहे?"

"काका, जुना की नवा ते त्यांनी बघितलंच नसेल. त्यांना भांडं चांगलं आहे एवढं कळलं, आणि ते खरंच आहे. इतका पातळ आणि इतका सारखा रांजण ओढणारा कुंभार मी हयात माणसांत पाहिलेला नाही. त्याने काही लबाडी केली नाही. लबाडी रेघा काढणाऱ्याने केली."

काकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. पाटीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढवेना. मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटलं. सही नाकारल्याचं नव्हे, ती मी पुन्हाही नाकारीन. काकूंचं नाव लावायला या मुलखात माझ्या हातात एवढी एकच जागा होती आणि तीही मला देता आली नाही, याचं वाईट वाटलं.

दाराशी जाऊन ते थांबले आणि विचारलं, "मग पाणी भरलं तर चालेल?"

मी म्हटलं, खुशाल भरा. फक्त पिऊ नका, आतून काय फासलंय त्याचा भरवसा नाही.

दोन-तीन आठवड्यांनी काकांचा फोन आला, रविवारी दोघं जेवायला या. आम्ही गेलो. सुनेने घावणे केले होते, नातवंडं इंग्रजीत भांडत होती. काकांनी मला चहा संपवूही दिला नाही, थेट मागच्या अंगणात नेलं. तिथे काकूंनी लावलेल्या जास्वंदीच्या सावलीत, लोखंडी तिवईवर रांजण ठेवलेला होता. काठोकाठ भरलेला, वर पितळी ताटली. त्यातलं पाणी रोज झाडांना जात होतं.

रांजण पाझरत होता. नव्या माठासारखा अंगभर घाम फुटला होता आणि खालच्या पांढऱ्या फरशीवर तपकिरी ओघळ वाळले होते. मी वाकून बघितलं. चाळीस वर्षं ज्या भेगांना काचेआड दिवा लावून जपलं होतं, त्या सगळ्या धुऊन गेल्या होत्या. पानं होती, मोर होते, भाजलेला रंग जागचा हलला नव्हता. रेघ मात्र एकही शिल्लक नव्हती. फरशी पुसायला आलेल्या बाईलाही काकांनी परत पाठवलं होतं.

"बघा," ते म्हणाले, "अख्खा आहे."

 ताटली सरकवून मी पाण्यात बोटं बुडवली. बाहेर जून महिना तापला होता, भिंतीला हात लावला तर चटका बसत होता.

"काका, पाणी गार झालंय."

"होणारच," काका म्हणाले. "ती दुकानातच म्हणाली होती."